राखोळीची झाडं

झाडं लावण्यात आमची कॉलनी कधीच मागे नव्हती. हिंगोली जिल्हा झाला, त्यानंतर गावाबाहेरच्या या प्लॉटांवर भराभर घरं उठली. तेव्हापासून दर पंधरा ऑगस्टला मधल्या मोकळ्या जागेत नारळ फुटायचा, फोटो निघायचा, पेढे वाटले जायचे. दसऱ्याला सोनं वाटायला बाहेर पडावं तर तिथं झाडांच्या नावानं काटक्या उभ्या. पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यांत नवी रोपं, पुढे नवा नारळ. खड्डे आयते मिळायचे, एवढाच काय तो फायदा. मी दोनदा त्या फोटोत हसत उभी आहे, म्हणून नावं ठेवायचा हक्क मला आहे.

दोष कुणाचा, हे मात्र कॉलनीनं एकमतानं ठरवून टाकलं होतं. जनकाबाईच्या शेळ्यांचा.

जनकाबाई त्या मोकळ्या जागेच्या कोपऱ्यात, एका अर्धवट बांधलेल्या घराची राखण करत पत्र्याच्या खोलीत राहायची. अकरा शेळ्या, एक बाज, दोन घागरी आणि नवरा. पन्नाशीची, उंच, कपाळावर गोंदण, आणि चालणं असं की समोरचा आपोआप बाजूला व्हावा. दूध विकायची आणि कुणाचं ऐकून घ्यायची नाही. "तुमच्या रोपाला पाणी घातलं का कुणी? आधी वाळलं, मंग माझ्या शेळीनं खाल्लं. मेलेल्याला खाल्लं तर खून व्हतो व्हय?" असं ती भर रस्त्यात विचारायची.

मी सत्यशीला, सरकारी दवाखान्यात नर्स. कॉलनीत आले तेव्हा शेजारच्या काही घरांनी माझा चहा कधी उपास, कधी पित्त अशी कारणं सांगून टाळला. बौद्धाच्या घरचा चहा नेमका पित्तालाच बाधतो, हे आमच्या नर्सिंगच्या पुस्तकात कुठंच नव्हतं. जनकाबाई पहिल्याच दिवशी दारात येऊन म्हणाली, "सिस्टर, वाईच पाणी द्या, लई ऊन हाय." आणि तांब्याभर प्याली. त्या दिवसापासून ती माझी.

तिचा नवरा जळबा बोलत नव्हता. मुका नव्हता, घसाही धड होता, मी टॉर्च लावून पाहिला होता. फक्त बोलत नव्हता. सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्याला त्यांची त्र्याऐंशी मेंढरं होती. त्यातली तीसेक दुसऱ्यांची, राखोळीची. राखोळी म्हणजे मालकानं आपली मेंढरं मेंढक्याकडे सोपवायची, त्यानं ती राखायची आणि त्याबदल्यात लोकर अन् काही कोकरं घ्यायची. सोपवताना मालक एकेका मेंढरावर हात ठेवून मोजून देतो. राखोळीचं मेंढरू मेलं तर त्याचा कान कापून मालकाच्या दारात न्यायचा. मालकानं कान हातात घेऊन म्हणायचं, "कान पावला." झालं. त्यानंतर त्या मेंढराबद्दल ब्र काढायचा नाही. एकाच्या जागी दुसरं मेंढरू उभं करणं हे त्या लोकांत चोरीपेक्षा वाईट समजतात.

दोन हजार सालच्या मार्चमध्ये ऊन लवकर तापलं म्हणून जळबानं सगळा कळप कातरला. तिसऱ्या दिवशी गारांचा पाऊस झाला. अंगावर लोकर नाही, वारा थंड. सकाळपर्यंत एकसष्ट मेंढरं गेली. आमच्या कॉलनीतले शिवहार गुरुजी वर्गात पोरांना हवामान बदलत चाललंय असा धडा शिकवायचे. जळबाला तो धडा असा मिळाला होता.

तो राखोळीच्या मेलेल्या मेंढरांचे कान पोत्यात घालून दारोदार गेला. प्रत्येक दारात एकच वाक्य बोलला, "माज्या हातानं कातरली." सगळ्यांनी कान घेतले. शेवटचा नरसिंग नावाचा मालक होता. त्यानं कानाला हात लावला नाही. म्हणाला, "कान कुनीबी कापून आनंल. मेंढरं कुठल्या बाजारात इकली ते सांग." जळबा घरी आला आणि त्यानंतर बोलला नाही. उरलेला कळप विकून जनकाबाई त्याला घेऊन हिंगोलीला आली.

मी त्याला नांदेडला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी नीट तपासलं, गोळ्या दिल्या. गोळ्यांनी रात्रीची झोप लागू लागली, जेवण वाढलं, ते मी डोळ्यांनी पाहिलं आणि गोळ्या कधी चुकू दिल्या नाहीत. पण दिवसभर तो खोलीच्या भिंतीला टेकून बसायचा. शेळ्यांकडेसुद्धा बघायचा नाही.

दोन हजार दोनच्या जुलैत गुरुजींच्या ओसरीवर कॉलनीची बैठक भरली. शिवहार गुरुजी आमचे सेक्रेटरी. मनानं चांगले, पण प्रत्येक गोष्टीचा ठराव केल्याशिवाय त्यांना पाणी गोड लागत नसे. त्या दिवशीचा ठराव असा की यंदा रोपं लावण्याआधी शेळ्या हलवाव्यात. एवढ्यात जनकाबाई न बोलावता आत आली आणि मधोमध उभी राहिली.

"गुर्जी, यंदाची रोपं माझ्या ताब्यात द्या. राखोळीनं. पुढल्या पंधरा ऑगस्टला मोजून घ्या. एक जरी माझ्या शेळीनं खाल्लं, तर अकराच्या अकरा शेळ्या बाजारात नेऊन उभ्या करते."

द्वारकाबाई, जिला शेळीचा वास आला की शिंका यायच्या, ती तेवढी म्हणाली, "लिहून घ्या गुरुजी, लिहून घ्या." गुरुजींनी लिहून घेतलं.

परत येताना मी जनकाबाईला चांगलं झापलं. "काहून असं बोललात? शेळ्या गेल्या तर खाल काय?"

ती रस्त्यात थांबली. "सिस्टर, तुमच्या गोळीनं ह्यांला झोप लागली, तुमचे उपकार हायेत. पर सकाळी उठून करायचं काय त्यांनी? जल्मभर सांजंला मेंढरं मोजली. माणसाला मोजायला काय तरी लागतंय. शेळ्या माझ्या हायेत, त्या ते मोजत न्हाईत. दुसऱ्याची राखोळी आली तर मोजावंच लागंल. अन् मोजता मोजता एक दिस तोंडातून आकडा निघंल." मग चालू लागत म्हणाली, "शेळ्या काय, पुन्ना व्हतील."



पंधरा ऑगस्टला एकेचाळीस रोपं लागली. कडुनिंब, करंज, चिंच, बहावा. नारळ फुटल्यावर गुरुजी भाषणाकडे वळणार, तेवढ्यात जनकाबाईनं त्यांना अडवलं. "भाषण मंग. आधी सोपवून द्या. एकेकाला हात लावून." गुरुजी बिचारे पांढऱ्या कपड्यांत चिखलातून एकेका रोपापाशी वाकले, "एक… दोन…" करत शेवटपर्यंत गेले. मागून जळबा. प्रत्येक आकड्याला त्यानं कयाधू नदीच्या पात्रातून आणलेला एक खडा बंडीच्या डाव्या खिशात टाकला. त्याला खडे आणायला कुणी सांगितलं नव्हतं. जनकाबाईनं माझ्याकडे पाहिलं आणि भुवया उडवल्या.

दुसऱ्या दिवसापासून सगळ्या कॉलनीच्या नाकावर संकट आलं. शेळी स्वतःच्या लेंडीचा वास असलेल्या पाल्याला तोंड लावत नाही, हे मेंढक्याच्या पोराला बोलता येण्याआधी कळतं. आम्ही शिकलेसवरलेले मात्र जाळ्या, काटे, पाट्या यांच्यावर पैसे घालत बसलो होतो. जनकाबाई लेंड्या रात्रभर भिजवायची, त्यात कडुनिंबाचा पाला ठेचून घालायची आणि खराट्यानं पानापानावर शिंपडायची. शेळ्या रोपाजवळ यायच्या, हुंगायच्या आणि नाराज होऊन निघून जायच्या. द्वारकाबाईनं पदर नाकाला लावला तो दिवाळीपर्यंत काढला नाही.

पाण्याचा बंदोबस्तही जनकाबाईनंच केला. सायंकाळी घरोघरी फिरून ती बजावून आली, "भांडे खंगाळलेलं पाणी नालीत वतू नका. बादलीत धरा अन् आणून द्या. मी येनार न्हाई न्यायला, तुमच्या पायाला काय झालंय?" पहिल्या आठवड्यात तीन बादल्या आल्या. संक्रांतीपर्यंत तीस. चाळीस गावांहून येऊन चाळीस घरांत दारं लावून बसलेल्या बायका त्या बादलीच्या निमित्तानं बाहेर पडल्या आणि बादली रिकामी झाली तरी बसून राहू लागल्या. कुणाची सासू, कुणाची गुडघेदुखी, कुणाचं गेलेलं लेकरू, सगळं तिथं निघायचं. माझ्या दवाखान्यात ज्या तक्रारीला औषध नव्हतं, तिच्यासाठी मी बायकांना बिनधास्त सांगू लागले, सायंकाळी बादली घेऊन या. द्वारकाबाईनं त्याच मैदानात माझ्या थर्मासमधला चहा घेतला. पित्त झालं नाही.

आणि जळबा मोजायचा. दिवस मावळायच्या आधी पहिल्या कडुनिंबापासून सुरुवात. प्रत्येक रोपाला हात लावायचा, पान उलटून बघायचा, आणि डाव्या खिशातला खडा उजव्या खिशात. एकेचाळीस खडे सरले की घरी. ओठ मिटलेलेच. पण आता तो भिंतीला टेकून बसत नव्हता. वाकडं रोप काठीला बांधायचा, आळं नीट करायचा. जनकाबाई रोज त्याच्या ओठांकडे बघायची. मी रोज जनकाबाईकडे बघायचे.

आता मला माझ्या चुकीचं सांगावं लागेल.

दोन हजार तीनच्या मे महिन्यात जनकाबाईच्या भावाच्या पोरीचं लग्न साखऱ्याला निघालं. जळबाला गावात पाय टाकायला लावायचा म्हणून ती त्यालाही घेऊन गेली. जाताना मला दोन कामं सांगितली. शेळ्यांना पाला टाका, त्या बांधलेल्याच ठेवा. आणि वळवाचा पाऊस आला तर शिंपडण धुऊन जातंय, पुन्ना शिंपडा, डबा भरून ठिवलाय.

पाऊस आला. मी डबा उघडला, वास घेतला आणि झाकण लावलं. दवाखान्यात दोन बाळंतपणं करून आले होते, पाठ मोडली होती. उद्या सकाळी करू म्हटलं. सकाळी उठून बघते तर चांदी नावाच्या शेळीनं दावं कुरतडलेलं, आणि मैदानाच्या कडेचा करंज बुडख्यापर्यंत खाल्लेला. तिच्या ओठाला अजून हिरवा फेस होता.

दहाच्या जीपनं जनकाबाई एकटीच आली. जळबा सायंकाळी येणार होता. मी रडत सांगितलं. तिनं मला एक शिवी दिली, ती इथं लिहिण्यासारखी नाही आणि मला ती पूर्ण लागू होती. मग डोकं धरून बसली. "आता शेळ्या जातील, ते तर हायेच. पर ह्यांनी पुन्ना राखलेलं मेलं म्हणून समजलं तर? सिस्टर, पुन्ना भिंतीला टेकतील वो ते."

आम्ही रिक्षानं रोपवाटिकेत गेलो. तेवढ्याच उंचीचा करंज शोधला, आणला, लावला, माती सारखी केली. खाल्लेला बुडखा मी उकिरड्यावर फेकला. वास घेत घेत एकेचाळीसच्या एकेचाळीस रोपांवर शिंपडलंही मीच.

सायंकाळी जळबा आला आणि मोजायला लागला. त्या करंजापाशी आल्यावर थांबला. पान उलटलं. पुन्हा उलटलं. मग उकिरड्याच्या बाजूनं हळूहळू चालत घरी गेला. मी स्वतःला म्हटलं, दमला असेल प्रवासानं. त्याच्या मुठीत एक खडा राहिला होता, हे मला दिसलं होतं. पण ज्याला दिसायचं नसतं त्याला डोळे असून उपयोग नाही.

पुढचे तीन महिने जनकाबाई शिंपडायची, बादल्या यायच्या, कडुनिंब माझ्या डोक्याएवढे झाले. कॉलनीनं बाकडी आणली. पण आम्ही दोघी एकमेकींच्या नजरेला नजर देत नव्हतो.

पंधरा ऑगस्ट आला. झेंडा झाला आणि सगळी कॉलनी मैदानात गोळा झाली. या वेळी गुरुजी मनापासून मोजत होते, आवाज चढत चालला होता. "एकोणचाळीस… चाळीस… एकेचाळीस!" टाळ्या पडल्या. द्वारकाबाई सगळ्यांत जोरात. गुरुजींनी हार उचलला आणि जनकाबाईकडे वळले.

"चाळीस हायेत."

आवाज घोगरा होता, गंजलेल्या कडीसारखा. कुणाचा ते कुणालाच कळलं नाही. जनकाबाईला कळलं. तिच्या हातातली बादली खाली पडली.

जळबा पुढे आला. एकेक शब्द शोधून काढल्यासारखा बोलत होता. "गुर्जी, चाळीसच हायेत. तो कडंचा करंज आपला न्हाई. आपल्या करंजाला खालची फांदी उजवीकडं व्हती, अन् तिसऱ्या पानाला भोक व्हतं. हे बदलीचं हाय. आपलं शेळीनं खाल्लं. माझ्याच शेळीनं." त्यानं बंडीत हात घातला आणि वाळलेला, दातांच्या खुणांचा बुडखा काढून गुरुजींपुढे धरला. "हा कान."

तीन वर्षं पाच महिने मुका राहिलेला माणूस, आणि तोंड उघडलं ते स्वतःच्या घरावर वरवंटा फिरवायला. मी पुढे झाले आणि सगळ्यांसमोर सांगितलं, की शिंपडायचं काम माझं होतं, मी ते केलं नाही, नवं रोप आणायलाही मी होते. सांगून झाल्यावर फार बरं वाटलं.

गुरुजी एका हातात हार आणि एका हातात बुडखा घेऊन उभे. कान म्हणजे काय, ते त्यांना कुठून ठाऊक असणार? त्यांनी बुडखा उलटसुलट केला आणि चुकून खाली ठेवायला वाकले. जळबाचा चेहरा मी पाहिला. नरसिंगाच्या दारात तो असाच उभा राहिला असेल. मी गुरुजींचा हात धरला.

"गुरुजी, खाली ठेवू नका. म्हणा, कान पावला."

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं, जळबाकडे पाहिलं. काय समजलं कोण जाणे, पण शिक्षक माणूस, उच्चार स्पष्ट. "कान पावला, जळबा," ते म्हणाले. मग बुडखा मुठीत घट्ट धरून पुढे म्हणाले, "आणि चाळीस झाडं पावली."

जळबा मटकन खाली बसला आणि हंबरडा फोडून रडला. जनकाबाई त्याच्याजवळ बसली, त्याची पाठ चोळत एकदा हसायची, एकदा डोळे पुसायची. मग उठून गुरुजींना म्हणाली, "बोलले ते बोलले. शेळ्या सोडून आणते."

"थांबा हो!" द्वारकाबाई ओरडली. "शेळ्या गेल्या तर लेंड्या कुठून आणायच्या? माझ्या घरून?"

एवढ्या हशात कुठला ठराव होतो? पण जनकाबाईला फुकटची माफी नको होती. चांदीला तिनं पुढच्या बाजाराला गोरेगावला नेऊन विकलं, आणि हार घालून घेतला नाही तो नाहीच. त्या पैशांतून तिनं मैदानासाठी नवी झारी आणली. मला मात्र आणखी वर्षभर लेंड्या भिजवण्याचं काम लावलं. मी केलं. वासाची सवय होते.

त्या सायंकाळपासून जळबा मोठ्यानं मोजू लागला. दिवस मावळायला त्याचा आवाज मैदानातून यायचा, आणि बायका चुलीवरून, गॅसवरून मान वर करून ऐकायच्या. चाळीसवर तो थांबायचा. कडेच्या करंजाला पाणी घालायचा, आळं करायचा, पण हात लावून मोजायचा नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "इकत आणलेलं मेंढरू एक सालभर कळपात धरत न्हाईत, सिस्टर. त्यानं आपल्यात राहून दाखवावं लागतंय." जनकाबाई रोज त्या करंजापाशी कान देऊन उभी राहायची आणि चाळीस ऐकून घरात जायची. नवऱ्यानं तिला त्याबद्दल एका शब्दानं बोल लावला नव्हता. म्हणूनच तिला ते जास्त लागत होतं.

दोन हजार चारच्या दसऱ्याला आम्ही मैदानात सोनं वाटत होतो. कडुनिंबांची सावली बाकड्यांपर्यंत पोचली होती. जळबा नेहमीसारखा मोजत निघाला. "एकोणचाळीस… चाळीस." तो थांबला. करंजाजवळ गेला, एक पान उलटलं, खोडावर हात ठेवला आणि डाव्या खिशातला शेवटचा खडा उजव्या खिशात टाकला.

"एकेचाळीस," तो म्हणाला.

जनकाबाईनं माझ्या हातात आपट्याचं पान ठेवलं आणि माझी मूठ मिटली. "सिस्टर," ती म्हणाली, "आपलं खोटं फिटलं."